कॅरट केक ट्रफल घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी हे ट्रफल सतत करतेय आणि ज्यांना ज्यांना खायला दिले त्यांच्याकडून, मग त्यांच्या ओळखीच्यांकडून, तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलंय. पहिल्यांदाच करणार असाल तर १ ते ५ आधी वाचा, बाकीचं अडलं की बघा.

१. कॅरट केक ट्रफल म्हणजे नक्की काय? केक पॉप आणि हे एकच का?

बेक केलेला गाजराचा केक हाताने मोडून त्याचा चुरा करायचा, त्यात थोडं क्रीम चीज मिसळून एका घासाएवढे गोळे वळायचे आणि गार करून व्हाइट चॉकलेटमध्ये बुडवायचे, एवढंच. केक पॉपला काडी असते आणि त्यात बहुतेक वेळा भरपूर फ्रॉस्टिंग (केकवर लावतात ते गोड क्रीम) असतं, ट्रफलला काडी नसते आणि आतला भाग थोडा घट्ट, मऊ ठेवतात. ट्रफल हे नाव मुळात जमिनीखाली उगवणाऱ्या एका बुरशीचं आहे, कोको पावडरमध्ये घोळवलेले चॉकलेटचे ओबडधोबड गोळे तिच्यासारखे दिसतात म्हणून मिठाईलाही तेच नाव पडलं. त्यामुळे तुमचे गोळे अगदी गोल गरगरीत नाही झाले तरी मनाला लावून घेऊ नका.

२. पूर्ण साहित्य आणि प्रमाण एकदाच नीट सांगाल का?

साधारण ३० ट्रफल होतात. केकसाठी मैदा १२५ ग्रॅम, बेकिंग सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी पावडर १ चमचा, सुंठ पावडर अर्धा चमचा, किसलेलं जायफळ दोन चिमूट, मीठ पाव चमचा, ब्राउन शुगर १२० ग्रॅम, वास नसलेलं तेल १०० मिली, अंडी २, किसलेलं गाजर १५० ग्रॅम, भाजून बारीक केलेले अक्रोड ५० ग्रॅम. चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा चमचा, जेवणाचा नाही. बाईंडिंगला, म्हणजे चुरा धरून ठेवायला, क्रीम चीज १२० ग्रॅम बाहेर काढून ठेवा पण सगळं लागेलच असं नाही (प्रश्न ५). कोटिंगला व्हाइट चॉकलेट ३५० ग्रॅम, त्यातलं थोडं उरतं, पण बुडवायला वाटीत खोली लागते म्हणून कमी घेऊन चालत नाही.

अंडी, साखर आणि तेल एकत्र फेटायचं, कोरडं साहित्य चाळून त्यात हलक्या हाताने मिसळायचं, शेवटी गाजर आणि अक्रोड. ८ इंची चौकोनी टिनमध्ये १७५ डिग्री सेल्सियसला २८ ते ३२ मिनिटं. काडी घातली की स्वच्छ बाहेर आली पाहिजे. केक पूर्ण गार होऊ द्या, आणि पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, गरम केकमध्ये क्रीम चीज गेलं की ते वितळतं आणि सगळा गिच्च गोळा होतो. मी आदल्या रात्री बेक करते आणि सकाळी ट्रफल करायला घेते, दुसऱ्या दिवशी मसाल्याचा वासही जास्त छान मुरलेला असतो.

३. उरलेला किंवा थोडा कोरडा पडलेला केक वापरला तर चालेल का?

चालेल, उलट एक दिवसाचा केक ताज्यापेक्षा चांगला मोडतो. फक्त वर आधीच फ्रॉस्टिंग लावलेलं असेल तर ते धरूनच बाईंडिंगचा हिशेब करा, बऱ्याचदा वेगळं काही घालावंच लागत नाही. कडा जास्त भाजून कडक झाल्या असतील तर कापून टाका, त्या कितीही मळल्या तरी मऊ होत नाहीत आणि ट्रफल खाताना मध्येच दाताखाली येतात.

४. गाजर कसं किसायचं? पाणी पिळून काढायचं का?

किसणीच्या बारीक बाजूने. जाड कीस केकच्या मोठ्या तुकड्यात छान लागतो पण इथे गोळा जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा आहे, त्यातून जाड कीस दोऱ्यासारखा बाहेर डोकावतो आणि चॉकलेटचा थर तिथे फुटतो. गाजरात साधारण ८८ टक्के पाणी असतं, पण बेक करताय तर पिळू नका, तोच ओलावा केकला मऊ ठेवतो आणि वरच्या प्रमाणात तो धरलेला आहे. पिळायचं ते फक्त न बेक करता करताना (प्रश्न १५). पाकिटात किसून मिळतं ते गाजर शक्यतो नको, ते वरून वाळलेलं असतं आणि बेक होऊनही कचकचीत राहतं.

५. क्रीम चीज नक्की किती घालायचं? प्रत्येक जण वेगळं प्रमाण सांगतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि ट्रफल बिघडतात तेही बहुतेक इथेच. ठरलेला आकडा कुणीच देऊ शकत नाही कारण तुमचं गाजर किती रसाळ होतं, केक दोन मिनिटं जास्त भाजला का, रात्रभर उघडा राहिला का, या सगळ्यावर ते ठरतं. चॉकलेट केकचे ट्रफल करताना जेवढं फ्रॉस्टिंग घालता तेवढं इथे घातलं तर हमखास लगदा होणार, कारण तेल आणि गाजर या दोघांनी केक आधीच ओला केलेला असतो.

मी काय करते ते सांगते. केक हाताने मोडून अगदी बारीक चुरा करते, मोठी ढेकळं राहू देत नाही. मग नुसता चुरा, काही न घालता, मुठीत धरून दाबून बघते. मूठ उघडल्यावर त्याचा आकार राहिला आणि बोटाने टोचलं की दोन तुकडे झाले, तर क्रीम चीज ६० ग्रॅमच्या आसपास पुरतं. मूठ उघडताच सगळं सुटून पडलं तर ९० ते १०० ग्रॅम लागेल. आणि मुठीत दाबल्यावर बोटांना तेलाचा चकाकता थर लागला तर ४० ग्रॅमवर थांबायचं. क्रीम चीज फ्रीजमधून तासभर आधी काढून चमच्याने मऊ करून घ्या, नाहीतर चुऱ्यात पांढऱ्या गुठळ्या राहतात, आणि ते एकदम न घालता एकेक मोठा चमचा घालून बोटांनी मिसळा. मिश्रण भांड्याची कड सोडून एकत्र येऊ लागलं की थांबा, त्यावेळी ते थोडं कमीच वाटतं, पण फ्रीजमध्ये गेल्यावर घट्ट होतं. चव घेतली तर केक खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे, गोड पेस्ट नाही.

फूड प्रोसेसरने करू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यात दोन सेकंद जास्त झाले तरी चुऱ्याचा रवाळपणा जातो, हाताने पाच मिनिटं लागतात आणि मिश्रण कुठवर आलंय ते बोटांना कळतं.

६. मिश्रण फार ओलं झालंय, गोळे बसतायत. वाचवता येईल का?

येईल. आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवून बघा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. तरी सैल असेल तर साध्या गोड बिस्किटांचा बारीक चुरा दोन-दोन चमचे घालत जा आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबा, चुऱ्याला ओलावा ओढायला वेळ लागतो. भाजलेल्या अक्रोडाची भरड किंवा सुकं खोबरं पण चालतं. कच्चा मैदा मात्र अजिबात घालू नका, चवीला तर वाईट लागतोच पण हे पुढे शिजणार नाहीये आणि कच्च्या पिठातून जंतू पोटात जाऊ शकतात. पिठीसाखरही नको, सुरुवातीला घट्ट वाटतं पण साखर विरघळते आणि मिश्रण परत सैल होतं.

७. क्रीम चीज मिळत नाही किंवा आवडत नाही, त्याऐवजी काय?

मस्कारपोने हे इटालियन मऊ चीज चालतं पण ते जास्त मऊ आणि कमी आंबट असतं, म्हणून प्रमाण थोडं कमी घ्या आणि लिंबाचा रस काही थेंब. दही रात्रभर फडक्यात टांगून केलेला घट्ट चक्का हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय, आंबटपणा तोच राहतो, फक्त चक्क्यात पाणी जास्त असतं तर निम्म्यापासून सुरुवात करा आणि असे ट्रफल तीन दिवसांत संपवा. दूधच नको असेल तर काजू भिजवून अगदी कमी पाण्यात वाटून त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ. मग कोटिंगही बदलावं लागेल हे विसरू नका, व्हाइट चॉकलेटमध्ये दूध असतंच, त्यासाठी दूध नसलेलं डार्क चॉकलेट लेबल वाचून घ्या.

८. वळताना हाताला चिकटतं आणि गोळे एकसारखे होत नाहीत.

मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच वळायला घ्या. हात गार पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करा, ओल्या हाताने वळलं तर ते पाणी पुढे चॉकलेटमध्ये जातं आणि प्रश्न १० उभा राहतो. आकारासाठी वजनकाटा असेल तर प्रत्येकी १८ ते २० ग्रॅम. आधी सगळे तुकडे ओबडधोबड मोजून ताटात मांडा, पुन्हा दहा मिनिटं गार करा आणि मग तळहातात घट्ट दाबून वळा. दाबल्याशिवाय नुसतं फिरवलं तर गोळा आतून पोकळ राहतो.

९. खरं व्हाइट चॉकलेट घेऊ की कंपाउंड? टेम्परिंग करावंच लागतं का?

खऱ्या व्हाइट चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरं वनस्पती तेल. कंपाउंड वितळवा, बुडवा, झालं, टेम्परिंगची (चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून, गार करून चमकदार आणि कडक सेट करण्याची) गरज नाही. चवीला खरं चॉकलेट कितीतरी पुढे आहे, जिभेवर विरघळतं, कंपाउंडचा मेणासारखा थर टाळूला राहतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी कंपाउंडवर हात बसवावा असं मला मनापासून वाटतं, चॉकलेटचा ताण नसला की आतल्या केककडे लक्ष जातं.

खरं चॉकलेट घेतलं तर टेम्परिंग केल्याशिवाय ते मऊ आणि डागाळलेलं राहतं. सोपी पद्धत अशी की दोन तृतीयांश चॉकलेट ४० ते ४५ डिग्रीपर्यंत वितळवा, खाली उतरवून उरलेलं बारीक चिरून त्यात घाला आणि २८-२९ डिग्रीवर येईपर्यंत ढवळत रहा. थर्मामीटर नसेल तर सुरीच्या टोकाला थोडं लावून बघा, पाच-सात मिनिटांत चमकदार सेट झालं तर जमलं. चॉकलेट चिप्स टाळा, बेकिंगमध्ये आकार टिकावा म्हणून त्या बनवलेल्या असतात, त्यामुळे वितळल्या तरी जाडच राहतात.

१०. चॉकलेट वितळवताना अचानक घट्ट, रवाळ गोळा झाला. काय चुकलं?

दोनच कारणं, पाणी किंवा जास्त उष्णता. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एखादा थेंब, ओला चमचा, डबल बॉयलरची (खाली उकळतं पाणी, वर चॉकलेटचं भांडं) वाफ, काहीही गेलं की त्यातले साखरेचे कण त्या ओलाव्याला धरून एकमेकांना चिकटतात. व्हाइट चॉकलेटमध्ये दुधाची पावडर असते त्यामुळे ते डार्कपेक्षा लवकर करपतं पण. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर १५-२० सेकंद, बाहेर काढून ढवळायचं, परत १५ सेकंद, आणि थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, ते ढवळता ढवळता वितळतात. गोळा झालेलं चॉकलेट कोटिंगला परत वापरता येत नाही. करपलेलं नसेल तर गरम क्रीम घालून सॉस करा आणि दुसऱ्या कशावर तरी घाला. नुसतं जाड असेल, गोळा नाही, तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं खोबरेल तेल घालून पातळ होतं.

११. बुडवायचं कसं? माझ्या ट्रफलच्या खाली चॉकलेटचं थारोळं साठतं.

अरुंद, खोल वाटी घ्या. गोळा काट्यावर टोचायचा नाही, ठेवायचा. चॉकलेटमध्ये सोडा, चमच्याने वरून ओता, काट्याने उचला आणि काट्याची दांडी वाटीच्या कडेवर आठ-दहा वेळा टक टक आपटा. वरचा थर हलकेच थरथरतो, सुरकुती पडते आणि जास्तीचं चॉकलेट काट्याच्या फटींतून खाली येतं, मग ती सुरकुती परत सपाट झाली की झालं. काट्याची खालची बाजू वाटीच्या कडेला पुसून घ्या आणि गोळा बेकिंग पेपरवर सरकवा. खालचं थारोळं म्हणजे आपटणं कमी पडलं किंवा चॉकलेट फार गरम होतं. वर काही भुरभुरायचं असेल तर लगेच, दोन-तीन गोळे झाले की थांबून टाका.

१२. कोटिंगला तडे जातात. दर वेळी.

याच्यापायी माझी एकदा अख्खी बॅच गेली होती, रात्री गुळगुळीत ठेवलेले तीस ट्रफल सकाळी बघितले तर प्रत्येकावर केसासारखी रेघ. घाई होती म्हणून गोळे फ्रीझरमध्ये तासभर ठेवून तसेच बुडवले होते. बर्फासारखा गार गोळा बाहेर आल्यावर हळूहळू उबदार होतो आणि किंचित फुगतो, त्याच वेळी बाहेरचं चॉकलेट सेट होताना आक्रसतं, मग ते तडकणारच. गोळे गार हवेत, गोठलेले नाही. फ्रीजमध्ये ४५ मिनिटं, बाहेर काढून दहा मिनिटं तसेच, मग बुडवा. सेट पण शक्यतो गार खोलीतच होऊ द्या.

एवढं करूनही तडे जात असतील तर थर फार पातळ असेल. तडे गेलेल्यांवर पुन्हा एकदा बुडवायच्या फंदात पडू नका, दुसरा थर बेढब जाड होतो. उरलेलं चॉकलेट काट्याने आडव्या बारीक रेघांसारखं वरून सोडा, तडा झाकला जातो आणि दिसतंही छान.

१३. सेट झाल्यावर एका जागेतून तेलकट केशरी थेंब बाहेर येतो, हे काय?

कुठेतरी टाचणीएवढं भोक राहिलंय, बहुतेक गोळ्याच्या खालच्या बाजूला नाहीतर गाजराचा दोरा बाहेर आला होता तिथे. आतलं तेल आणि ओलावा तिथून वाट काढतात, रंग गाजरातल्या बीटा कॅरोटिनचा, तो तेलात विरघळतो. खराब झालेलं नाहीये. पुसून घ्या आणि टूथपिकने चॉकलेटचा एक थेंब लावून भोक बुजवा. खूप गोळ्यांना होत असेल तर मिश्रणच ओलं आहे, प्रश्न ५ परत वाचा.

१४. केक मोडला तर आत हिरवे ठिपके दिसले! फेकून द्यायचा का?

नाही, खायला सुरक्षित आहे. गाजरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, बेकिंग सोडा जास्त झाला किंवा एका जागी साठला की त्या अल्कलीमुळे ते हिरवट होतं. पुढच्या वेळी सोडा सपाट चमच्याने मोजा आणि मैद्याबरोबर दोनदा चाळा. अक्रोडाऐवजी सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर हे जास्तच दिसतं कारण त्यांच्यातही हेच आम्ल भरपूर असतं.

१५. ओव्हन नाही. न बेक करता होतील का?

होतात, पण तो वेगळा पदार्थ आहे, केकची चव त्यात शोधू नका. बारीक किसलेलं गाजर १०० ग्रॅम फडक्यात घालून घट्ट पिळा. बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, ओट्स ८० ग्रॅम कोरडे भाजून, अक्रोड ६० ग्रॅम, दालचिनी, सुंठ, मीठ हे सगळं मिक्सरमध्ये फिरवून शेवटी गाजर घाला. अर्धा तास गार करून वळा. यात क्रीम चीज लागत नाही, खजूरच धरून ठेवतो. गाजर कच्चं असल्याने फ्रीजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त नाही.

१६. अंडं न घालता केक केला तर?

दोन अंड्यांऐवजी १२० ग्रॅम घट्ट दही घ्या, बाकी प्रमाण तेच. किंवा दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. अंड्याशिवाय केक थोडा ठिसूळ होतो आणि कापताना मोडतो अशी नेहमीची तक्रार असते, पण इथे आपण तो मोडणारच आहोत त्यामुळे काही बिघडत नाही. दह्याचा केक जास्त ओला असतो, तर क्रीम चीज बेताने.

१७. अक्रोडाची ऍलर्जी आहे, आणि लहान मुलांना द्यायचे आहेत.

अक्रोड सरळ काढून टाका, त्या जागी भाजलेल्या भोपळ्याच्या बिया बारीक करून, किंवा काहीच नको. मात्र ऍलर्जी गंभीर असेल तर चॉकलेटचं लेबलही वाचा, बऱ्याच चॉकलेटवर सुकामेव्याचे अंश असू शकतात असं लिहिलेलं असतं, आणि भांडी-मिक्सर आधी नीट धुवा. अगदी लहान मुलांना अख्खा गोळा तोंडात देऊ नका, घशात अडकू शकतो, चार तुकडे करून बसवून खायला द्या, आणि सुकामेव्याचे मोठे तुकडे त्यात नकोत.

१८. किती दिवस टिकतात? बाहेर ठेवले तर चालेल?

क्रीम चीज आहे म्हणून फ्रीजमध्येच, हवाबंद डब्यात, पाच दिवस. बाहेर मांडले तर दोन तास, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, चॉकलेटच्या आत बंद आहे म्हणून जास्त टिकेल असं समजू नका. फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहतात. फ्रीझरमधून आधी रात्रभर फ्रीजमध्ये आणा, डबा न उघडता, नाहीतर पुढचा प्रश्न बघा.

१९. फ्रीजमधून काढले की वर घाम सुटतो आणि नंतर पांढुरके खरखरीत डाग पडतात.

गार चॉकलेटवर हवेतलं बाष्प थेंब होऊन बसतं, वरची साखर त्यात विरघळते आणि पाणी वाळलं की साखर तिथेच खरखरीत राहते. डबा बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर काढा, मग घाम डब्याच्या बाहेरच्या बाजूला सुटतो, ट्रफलवर नाही. डब्यात तळाशी टिश्यू पेपर घाला.

२०. वर केशरी रेघा किंवा छोटी गाजरं काढायची आहेत, पण रंग घातला की चॉकलेट घट्ट होतं.

पाण्यातला रंग घातला असणार, तेच प्रश्न १० चं कारण. तेलात विरघळणारे किंवा पावडर रूपातले रंग चॉकलेटसाठी वेगळे मिळतात ते घ्या. थोडं चॉकलेट केशरी, अगदी थोडं हिरवं, बेकिंग पेपरच्या कोनात भरून टोक जेमतेम कापा.

२१. सगळं नीट झालं, पण फार गोड लागतात आणि गाजर कळतच नाही.

व्हाइट चॉकलेट स्वतःच खूप गोड असतं, त्याच्या पुढे गाजराचा सौम्य गोडवा दबतो. केकमधली ब्राउन शुगर १२० वरून ९० ग्रॅम करा, याहून कमी केली तर केक कोरडा पडतो. क्रीम चीज साधं घ्या, साखर घातलेलं फ्रॉस्टिंग नको, आणि त्यात चिमूटभर मीठ व संत्र्याची किसलेली साल, फक्त केशरी भाग, अर्धा चमचा. सुंठ थोडी वाढवा. अक्रोड ओव्हनमध्ये १७५ डिग्रीला सात-आठ मिनिटं भाजूनच घाला, आणि त्याआधी एक चावून बघा, खवट असेल तर दुसरे आणा, एक खवट अक्रोड सगळ्या मिश्रणाला वास लावतो. कोटिंग पूर्ण न करता अर्धाच गोळा बुडवून बघा, खालून पांढरा आणि वर केकचा चुरा दिसतो तसा, मला स्वतःला तेच जास्त आवडतात. मात्र उघडी बाजू सुकते, म्हणून असे अर्धे बुडवलेले दोन दिवसांत संपवा.